मंगोलियात सोमवार कोणाला असतो?

मागच्या अंकात मंगोलियाचा नुसता उल्लेख केला आणि पत्रं सुरू झाली. निम्म्या पत्रांत चंगीज खान आहे. त्याची उत्तरं इतिहासाच्या प्राध्यापकांकडून घ्या. यजमानांची नोकरी तिथल्या राजधानीत, उलानबातरच्या एका वीज प्रकल्पावर होती, तेव्हा मी तिथे घर चालवलं, एका शाळेत इंग्रजी शिकवलं आणि सुट्टीत बरोबरच्या शिक्षिकांच्या माहेरी जाऊन राहिले. त्यामुळे रोजच्या जगण्याचं विचारलंत तर सांगू शकेन. ज्यांनी तेच विचारलंय त्यांची पत्रं घेतली आहेत, थोडी काटछाट करून.

ताई, मुलाला उलानबातरमध्ये नोकरी लागली आहे. डिसेंबरात रुजू व्हायचंय. तिथला कामाचा दिवस कसा असतो? आमच्याकडे सकाळी उठायची बोंब आहे.
— एक आई, कोथरूड

उठायची बोंब असलेल्या मुलाला नेमकं डिसेंबरात पाठवताय. त्या महिन्यात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि पाचला मावळतो. ऑफिसं साधारण नऊ ते सहा. म्हणजे जाताना जेमतेम फटफटलेलं, येताना काळोख, ऊन काय ते काचेतून बघायचं. जूनमध्ये सगळं उलटं. पहाटे पाचला लख्ख आणि रात्री नऊपर्यंत उजेड. तेव्हा कामावरून आलेली माणसं घरात शिरायलाच तयार नसतात, इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत पोरं उशिरापर्यंत बास्केटबॉल खेळत असतात.

थंडीची भीती बाहेरच्यासाठी ठेवा. फ्लॅटमध्ये तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसेल. वीज केंद्रातलं गरम पाणी मोठमोठ्या नळांनी शहरभर फिरतं आणि घराघरातल्या रेडिएटरमध्ये येतं. १५ सप्टेंबरला सुरू, १५ मेला बंद, तारखा सरकारी. मधे एखादा दिवस उकडलं तर खिडकी उघडायची, दुसरा इलाज नाही. बाहेर मात्र जानेवारीत रात्री उणे ३० आणि त्याच्याही खाली जातं. त्यामुळे सकाळचं खरं काम म्हणजे कपडे चढवणं. आतले, मधले, लोकरीचे, वरचा कोट, टोपी, हातमोजे, बूट. माझ्या वर्गातली लहान मुलं एवढी गुंडाळलेली यायची की त्यांना सोलून बाकावर बसवण्यात पहिल्या तासाची दहा मिनिटं जायची. इकडून जाड स्वेटर देऊन सामान वाढवू नका. बूट आणि कोट तिथेच घेऊ दे, तिथल्या थंडीसाठी केलेले असतात आणि कॅशमिअरचे, म्हणजे बकरीच्या मऊ लोकरीचे, मोजे तर त्यांच्या घरचेच.

गाडी घेणार असेल तर त्याला दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, बॉनेटखाली इंजिनवर घालायची जाड गोधडी मिळते, ती घ्यावी लागते. दुसरी, शहरात २०१२पासून गाड्यांना आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी आहे. नंबराचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असला की सोमवारी गाडी घरी, २ किंवा ७ असला की मंगळवारी, असं शुक्रवारपर्यंत. अधूनमधून नियम आणखी कडक होतात. त्यावर तोडगा म्हणून लोक काय करत असतील हे पुणेकरांना सांगायला नको. ज्यांना परवडतं ते वेगळ्या आकड्याची दुसरी गाडी घेतात. कोंडी आहे तिथेच. पुष्कळ गाड्या जपानमधून आलेल्या जुन्या टोयोटा प्रियस, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, आणि वाहतूकही रस्त्याच्या उजव्या बाजूनं. म्हणजे ओव्हरटेक करताना चालकाला समोरचं दिसत नाही, शेजारी बसलेल्यानं मान बाहेर काढून ‘जा’ म्हणायचं. यजमान हे काम फार मनापासून करायचे.

एक ते दोन जेवणाची सुट्टी. ऑफिसच्या आसपास गुआंझ असतात, म्हणजे आपल्या खानावळी. तिथे त्सुइवान मागवायचं. हातानं लाटून कापलेल्या शेवया मटण आणि थोड्या भाज्यांवर ठेवून वाफवतात, मग सगळं एकत्र परततात. एक ताट दोघांना पुरतं.

आणि मास्क मात्र बरेच द्या. हिवाळ्यात शहरावर धूर बसतो. का, ते पुढच्या उत्तरात येतंय.

आम्हाला भूगोलात शिकवलं की मंगोलियातले लोक तंबूत राहतात. पण व्हिडिओत तर मोठ्या इमारती दिसतात. खरं काय?
— आठवीतला विद्यार्थी, सिंहगड रस्ता

दोन्ही. त्या तंबूला गेर म्हणतात. लाकडी जाळीच्या भिंती, वर नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेली जाड चटई, आणि मधोमध चूल. देशाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख. आपल्या पुणे महापालिकेच्या हद्दीत २०११च्या जनगणनेत ३१ लाख माणसं मोजली होती, त्यावरून अंदाज घे. देश महाराष्ट्राच्या पाचपट, माणसं एका पुण्याइतकी, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या उलानबातरमध्ये.

तुझ्या व्हिडिओत न दिसलेली गोष्ट अशी की त्या शहरातले निम्म्याहून जास्त लोक इमारतींच्या मागच्या टेकड्यांवर राहतात. लाकडी कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा, त्याला हाशा म्हणतात, त्यात एक गेर किंवा छोटं घर, कोपऱ्यात खड्ड्याचा संडास, दारात कुत्रा. वीज आहे, टीव्ही आहे, मोबाइल आहे. नळ नाही आणि ते गरम पाण्याचे पाइपही नाहीत. यातले बरेच जण गावाकडून जनावरं गमावून आलेले. तिथे एखादा हिवाळा असा येतो की बर्फाखाली गवत दबतं, वर बर्फाचा कडक थर बसतो आणि गुरं उभ्या उभ्या मरतात. २०२३-२४च्या हिवाळ्यात ७० लाखांहून जास्त जनावरं गेली. कळप गेला की माणूस गेर गुंडाळतो आणि शहराच्या कडेला येऊन उभारतो.

तुझ्या वयाच्या मुलाचा तिथला दिवस सांगते. रात्री झोपताना भरलेली चूल पहाटे विझत आलेली असते. कुणीतरी उठून ती पेटवतं, तोवर सगळे पांघरुणात. पूर्वी यात कच्चा कोळसा जळायचा. २०१९ साली शहरात त्यावर बंदी आली, आता कोळशाच्या भुकटीच्या दाबलेल्या वड्या मिळतात. धूर कमी झाला, गेला नाही. मग पाणी. वस्तीत पाण्याची केंद्रं असतात, तिथून कॅन भरून छोट्या हातगाडीवर चढानं घरी आणायचे. हे काम बहुतेक घरांत मुलांचं. हिवाळ्यात सांडलेल्या पाण्याचा तिथेच बर्फ होतो, त्यावरून गाडी ओढत नेण्यात पोरं पटाईत असतात आणि घसरण्यातही.

शाळा पाळीत चालते. सकाळची आणि दुपारची, काही ठिकाणी तिसरीसुद्धा. तू म्हणशील आमच्याकडेही असते. असते, पण दुपारच्या पाळीची आमची मुलं हिवाळ्यात काळोखात घरी जायची आणि शेवटच्या तासाला सगळ्यांचं लक्ष खिडकीकडे. मी त्या तासाला व्याकरण घेणं सोडून दिलं होतं, गाणी घ्यायचे.

चहात मीठ घालतात हे खरं का?
— चहाबाज, नारायण पेठ

खरं. विटेसारखा दाबलेला हिरवा चहा फोडून पाण्यात उकळायचा, भरपूर दूध, मीठ, आणि मग मोठ्या पळीनं वर उचलून उचलून पातेल्यात सोडत राहायचं. साखर नाही, आलं नाही, वेलदोडा नाही. चहा म्हणून प्यायलात तर तोंड वाकडं होईल. सूप म्हणून प्या, दुसरी वाटी मागाल. आदल्या रात्रीचं उरलेलं मटण सकाळी त्यातच टाकतात. थर्मास दिवसभर भरलेला असतो आणि घरी आलेल्याला ‘चहा घेणार का’ असं विचारण्याची पद्धत नाही. येतोच. उजव्या हातानं वाटी घ्यायची, डावा हात उजव्या कोपराला लावायचा.

मी भोरकडची. लहानपणी घरी गोठा होता, शेणं थापली, धारा काढल्या. तिथल्या गुरं राखणाऱ्या बाईचा दिवस कसा असतो ते सविस्तर लिहा.
— एक आजी, धनकवडी

आजी, तुमच्या पत्रासाठी पानं राखून ठेवली होती.

मी राहिले ते घर आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या माहेरचं, आर्हांगाई भागातलं. उन्हाळ्याचा दिवस सांगते, कारण दूध उन्हाळ्यात. घरची बाई सगळ्यांच्या आधी उठते. चुलीतली राख काढते, शेण्या लावते. हो, शेण्याच, पण थापलेल्या नव्हेत. माळावर पडलेलं शेण आपोआप वाळतं, त्या हवेत दमटपणाच नाही. पाठीवर टोपली बांधून, लांब दांड्याच्या पंजानं उचलायचं आणि मागे न बघता खांद्यावरून टोपलीत फेकायचं. त्यांची सात वर्षांची नात हे चालता चालता करत होती. मी फेकलेलं माझ्या डोक्यावर पडत होतं.

चहा झाला की पहिला चहा कुणी पीत नाही. बाई पळीभर घेऊन दाराबाहेर जाते आणि आकाशाकडे उडवते, मग चारी दिशांना. गेरचं दार दक्षिणेला असतं. आत शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको. डावीकडची बाजू पुरुषांची आणि खोगिरांची, उजवीकडे चूलभांडी, समोर देव आणि फोटो. छपराला मध्ये गोल झरोका असतो. त्यातून पडलेला उन्हाचा कवडसा सकाळी पश्चिमेकडच्या वाशांवर असतो आणि दिवसभरात सरकत पूर्वेच्या बाजूला जातो. भिंतीवर घड्याळ होतं तिथे. पण ‘गाई आणायला जा’ असं मुलाला सांगताना त्या घरच्या आजीनं घड्याळाकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

मग धारा. याकच्या आणि गाईच्या. वासराला आधी सोडायचं, पान्हा फुटला की बाजूला ओढायचं, अगदी तुमच्या गोठ्यातलंच. बैठं स्टूल, दोन गुडघ्यांत बादली. घोडीचं निराळं. घोडीची कास लहान, एका वेळी थोडंच दूध येतं, म्हणून दर दोन तासांनी काढायचं. शिंगरं दिवसभर दोरीला बांधलेली, त्यामुळे घोड्या लांब जात नाहीत. ते दूध चामड्याच्या मोठ्या पिशवीत आंबवतात. पिशवी दाराशीच टांगलेली असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं रवीचे चार हात मारायचे. पाहुणा असलात तरी. आंबट, किंचित चढणारं आइरग तयार होतं ते यातून.

गाईयाकांचं दूध मोठ्या कढईत तापवून पळीनं उंचावरून सोडत राहतात, फेस येतो, मग मंद आचेवर ठेवून रात्रभर निवू देतात. सकाळी वर भाकरीएवढी जाड साय. ती घडी करून ठेवतात आणि पाहुण्याला देतात. खालच्या दुधाचं दही, दह्याचा चक्का, तो दाबून वड्या पाडायच्या आणि गेरच्या छपरावर फळ्या टाकून त्यावर वाळवायच्या. याला आरूल म्हणतात. एवढं कडक की दाढेखाली धरून मुरू द्यावं लागतं. पुरुष मोटरसायकलवर मेंढरांमागे जाताना खिशात चार तुकडे टाकतो, तो त्याचा डबा.

पुरुषाचं काम दिसतं, कारण ते घोड्यावर किंवा मोटरसायकलवर असतं. बाईचं संपत नाही. पाणी, दूध, शेण, लोकर, शिवण, संध्याकाळी मेंढरं आली की ती मोजणं, पुन्हा धारा, मग रात्रीचं जेवण, बहुतेक मटणाच्या पाण्यात शेवया. छपराशी सौर पॅनेल टेकवलेलं असतं. १९९९ ते २०१२ या काळात सरकारनं एक लाख गेरना सौर वीज देण्याची योजना राबवली, त्यामुळे फोन आणि टीव्ही आता माळावरही आहे. जेवल्यावर आजी कोरियन मालिका बघायची आणि मला जावयाची बाजू समजावून सांगायची.

हिवाळ्यात धारा जवळजवळ बंद. कळप उशिरा सोडायचा, लवकर आणायचा. सुरुवातीलाच जनावरं कापून मांस गोठवून ठेवतात, वसंतापर्यंत पुरेल इतकं, आणि शहरातल्या नातेवाइकांचा वाटाही त्यातच असतो. आमच्या जिन्यात डिसेंबरात कुणाच्या ना कुणाच्या बाल्कनीत पोत्यात मेंढी असायचीच. सगळ्यात वाईट वसंत. बाहेर वारा सुटलेला, गुरं हाडकुळी झालेली, आणि नेमकं तेव्हाच मेंढ्या वितात. रात्री उठून गाभण मेंढ्या बघायच्या, ओली कोकरं आत चुलीपाशी आणायची. एप्रिल-मेमध्ये बकऱ्यांची मऊ लोकर विंचरून काढायची. वर्षाचा रोख पैसा मुख्यतः तिथून येतो.

तुमच्या लक्षात आलं असेल, यात सोमवार-मंगळवार कुठेच नाही. मेंढरांना रविवार नसतो. तरी त्या घरात एक वार-पत्रक दाराशेजारी लावलेलं होतं, आणि ते शाळेचं होतं. मुलांची शाळा सहाव्या वर्षी सुरू होते आणि ती सुम-केंद्रात असते, म्हणजे तालुक्याच्या गावी म्हणा. देशात असे ३३०च्या आसपास सुम आहेत, एकेक आपल्या तालुक्यापेक्षा कितीतरी मोठा. रोज जाणं-येणं अशक्य. काही मुलं वसतिगृहात राहतात, काही नातेवाइकांकडे. आणि पुष्कळ घरांत आता आईच मुलांना घेऊन सप्टेंबरपासून गावात येते, बाप कळपाबरोबर एकटा मागे. शुक्रवारी दुपारी शाळेबाहेर मोटरसायकली आणि जुन्या रशियन गाड्या उभ्या राहतात, ज्यांची वस्ती जवळ आहे ती पोरं घरी जातात. बाकीच्यांना सुट्टीची वाट बघावी लागते. आठवडा माळावर पोहोचला तो या शाळेमुळे, आणि त्यानं घर दोन ठिकाणी वाटून टाकलं. मला तरी त्याचं कौतुक करता येत नाही. मुलांना शिकवू नका असंही कुणी म्हणणार नाही. त्या आजीचं म्हणणं एवढंच होतं की सहा वर्षं म्हणजे फार लवकर.

आम्ही सोमवारी, शनिवारी केस कापत नाही. तिकडे असं काही पाळतात का?
— एक आजोबा, सदाशिव पेठ

आजोबा, तुमच्यापेक्षा जास्त. चांद्र पंचांगातल्या रोजच्या तिथीला केस कापले तर काय होईल हे ठरलेलं आहे. एका दिवशी धन वाढतं, दुसऱ्या दिवशी भांडण होतं, तिसऱ्या दिवशी आयुष्य घटतं. वर्तमानपत्रांत आणि बातम्यांच्या संकेतस्थळांवर रोज छापून येतं. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका सकाळी ते वाचून मगच सलूनला फोन करायच्या. वाईट दिवशी न्हाव्याकडे रांग नसते, त्यामुळे आम्ही दोघं नेमके तेव्हाच जायचो. आयुष्य घटलं असेल तर माहीत नाही, वेळ वाचला.

वारावरून मुलांची नावंही ठेवतात. दवा सोमवार, म्यागमर मंगळवार, ल्हागवा बुधवार, पुरेव, बासन, ब्याम्बा आणि न्याम रविवार. त्याला पुढे काहीतरी जोडून पूर्ण नाव होतं. वर्गात हजेरी घेताना अर्धा आठवडा उभा राहायचा. ही तिबेटी नावं बौद्ध धर्माबरोबर आली.

बाजाराची सुट्टी विचारलीत, तर आपल्या लक्ष्मी रोडला सोमवार तसा तिथल्या नारानतूल बाजाराला मंगळवार.

मुलगी शाकाहारी आहे, प्रकल्पासाठी सहा महिने जाणार. उपाशी राहील का?
— काळजीत, औंध

शहरात नाही. शाकाहारी खानावळी आहेत, भारतीय हॉटेलं आहेत, दुकानात बटाटा, गाजर, कोबी, कांदा बारमाही मिळतो. गावाकडे गेली तर दूध, साय, दही, आरूल आणि तळलेल्या पिठाच्या बोर्त्सोगवर राहावं लागेल, आणि ‘मटण नको’ म्हटल्यावर यजमानीणबाई कोंबडी पुढे करतील. डाळी, मसाले आणि छोटा कुकर बरोबर द्या. उंचीमुळे भात शिजायला थोडा वेळ लागतो, उलानबातर साडेतेराशे मीटरवर आहे.

तिथे फोन कधी करावा?
— हाच प्रश्न तिघांनी विचारला आहे

तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. आपले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे त्यांचे आठ, माणूस जेवत असतो पण फोन घेतो. आपली जेवणं झाल्यावर साडेनऊला केलात तर तिथे बारा वाजलेले असतात. कोथरूडच्या आईंनी हे जरूर लक्षात ठेवावं, मुलाला सकाळी उठायचंय.